ओळख न पटलेली चावी

मोटरसायकलचे इंजिन चालू होण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी एवढ्या तीनच गोष्टी लागतात, हे गॅरेजमध्ये नव्याने लागलेला पोरगाही पहिल्या आठवड्यात शिकतो. परंतु १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपात विकल्या गेलेल्या अनेक मोटरसायकलींत या तिन्हींच्या आधी एक चौथी अट येऊन बसली. गाडीतील संगणकाला चावीची ओळख पटली पाहिजे, ही ती अट. ओळख पटली नाही, तर बॅटरी पूर्ण भरलेली असो वा टाकी काठोकाठ असो, इंजिन चालू होत नाही. ही ओळख तपासणाऱ्या आणि ती न पटल्यास इंजिन रोखून धरणाऱ्या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात.

होंडाची व्हीएफआर ८००, यामाहाची एफजेआर १३००, डुकाटीची मॉन्स्टर, बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस अशा गाड्यांच्या इमोबिलायझर असलेल्या पहिल्या तुकड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. वेळच्या वेळी ऑइल बदलले आणि व्हॉल्व्हची तपासणी केली, तर या इंजिनांना लाखभर किलोमीटरचे वावडे नसते. तरीही ‘इमोबिलायझर गेला’ एवढ्या एका वाक्याच्या निदानावर अशा गाड्या ताडपत्रीखाली जातात, मग सुट्या भागांच्या भावात विकल्या जातात. हे निदान पुष्कळदा घाईचे असते. इमोबिलायझर हा सहज दिसणारा आरोपी आहे. दोष मात्र अनेकदा दमलेल्या बॅटरीत, गंजलेल्या कपलरमध्ये किंवा हँडलपाशी तुटलेल्या एखाद्या वायरीत असतो. जिथे दोष खरोखरच इमोबिलायझरचा असतो, तिथेही बिघडलेली वस्तू क्षुल्लक असू शकते, आणि दुरुस्ती अवघड होते ती त्या वस्तूभोवती राखलेल्या गुप्ततेमुळे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर बऱ्याच जुन्या गाड्या वाचू शकतात.

चोराने गाडी चालू करू नये म्हणून विजेचा मार्ग अडवण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेत सेंट जॉर्ज एव्हान्स आणि एडवर्ड बर्केनब्यूएल यांनी पेटंट घेतलेल्या रचनेत मोटारीच्या आत नऊ बटणांचा एक फलक असे, आणि ती बटणे ठरलेल्या पद्धतीने लावल्याशिवाय गाडी चालू करू पाहणाऱ्याच्या कानाशी हॉर्न वाजू लागे. चावीतच ओळख दडवण्याचा मार्ग पुढे आला तो १९८६ साली, जेव्हा जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चावीत विद्युतरोधाची, म्हणजे प्रवाहाला ठरावीक प्रमाणात अडवणारी, एक बारीक गोळी बसवली. रोधाची पंधरा मूल्ये होती आणि प्रत्येक गाडी त्यांपैकी एकच मूल्य मान्य करी. साहजिकच चिकाटीच्या चोराला पंधरा प्रयत्न पुरत. त्यानंतर आलेल्या ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे विचारणा होताच आपली खूण रेडिओलहरींनी कळवणाऱ्या चिपने, चित्र पालटले. युरोपीय संघाने नव्या मोटारींना १९९८च्या ऑक्टोबरपासून इमोबिलायझर सक्तीचा केला. त्याचा परिणाम नेदरलँड्समधील आकडेवारीवरून मोजणाऱ्या यान फान ऑर्स आणि बेन फोलार्ड या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार, पहिल्या दहा वर्षांत मोटारचोरीचे प्रमाण सरासरी ४० टक्क्यांनी घटले. ही सक्ती मोटारींपुरती होती. मोटरसायकलींना इमोबिलायझर लागला तो कंपन्यांच्या स्वतःच्या निर्णयाने आणि विमा कंपन्यांच्या आग्रहाने. दुचाकीच्या बाबतीत त्याला एक मर्यादाही होती, कारण दोनशे किलोची मोटरसायकल चौघे जण उचलून व्हॅनमध्ये घालू शकतात आणि तिचे इंजिन चालू होते की नाही, याच्याशी त्यांना त्या क्षणी काहीच देणेघेणे नसते.

यंत्रणेची रचना समजून घेण्यासाठी होंडाची ‘हिस’ ही पद्धत सोयीची आहे. होंडा इग्निशन सिक्युरिटी सिस्टिम या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले. तिचे मुख्य भाग तीन. पहिला भाग चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात पुरलेली ट्रान्सपॉन्डर चिप. दुसरा, चावीच्या स्विचभोवती कड्यासारखी बसवलेली तारेची गुंडाळी, जिला अँटेना किंवा रिसीव्हर म्हणतात. आणि तिसरा, इंजिनाची ठिणगी व इंधन यांचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजेच ईसीयू. कार्ब्युरेटरच्या मॉडेलमध्ये ईसीयूच्या जागी केवळ ठिणगीचे नियंत्रण करणारी पेटी हे काम करते. चावीतील चिपला स्वतःची बॅटरी नसते. चावी फिरवताच कड्यातील गुंडाळीतून उलटसुलट दिशेने वेगाने वाहणारा प्रवाह सुरू होतो, त्यामुळे निर्माण झालेल्या चुंबकीय क्षेत्रातून चिपमधील सूक्ष्म गुंडाळीत वीज उत्पन्न होते, आणि तेवढ्या विजेवर जागी होऊन ती चिप आपला सांकेतिक क्रमांक परत पाठवते. सर्वसाधारणपणे या कामासाठी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची कंप्रता वापरतात आणि तिचा पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो. क्रमांक नोंदीतील असेल तर ईसीयू ठिणगी आणि इंधन मोकळे करते. नसेल तर दोन्ही बंद ठेवते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की चावीचा धातूचा दांडा आणि तिच्यातील चिप ही दोन स्वतंत्र कामे करतात. बाजारात पाच मिनिटांत कातून मिळणारी साधी डुप्लिकेट चावी स्विच फिरवील, सीट उघडील, पेट्रोल टाकीचे झाकणही उघडील. इंजिन मात्र चालू करणार नाही. राजदूत आणि येझदीच्या काळात वाढलेल्या कारागिरांचे दोन हुकमी उपाय इथे चालत नाहीत, याचेही कारण हेच. गाडी ढकलून गिअरमध्ये टाकली तर इंजिन फिरेल, पण ठिणगी पडणार नाही. आणि स्विचच्या वायरी सोलून ‘डायरेक्ट’ केल्या तर ईसीयूला वीज मिळेल, पण चावीचा क्रमांक मिळणार नाही. उलट या खटाटोपात एखादी वायर भलतीकडे टेकली, तर जी पेटी धडधाकट होती ती जळण्याचा धोका असतो.

सुरू न होणाऱ्या गाडीची तपासणी बॅटरीपासून करावी, ही सूचना प्रत्येक पुस्तकात असते आणि ती पाळल्याचा केवळ आभास निर्माण करणेही तितकेच प्रचलित आहे. चावी फिरवल्यावर दिवा लागला, हॉर्न वाजला, म्हणून बॅटरी ठीक आहे असे मानले जाते. परंतु साठ वॉटचा हेडलाइट सुमारे पाच अँपिअर प्रवाह घेतो, तर मोठ्या इंजिनाला फिरवणारी सेल्फची मोटर शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागते. म्हणून मल्टिमीटर लावून दोन मापे घ्यावीत. चार्जिंगनंतर काही तास स्वस्थ ठेवलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा त्याहून किंचित अधिक असेल तर ती भरलेली आहे, १२.२च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे माप सेल्फ मारत असताना घ्यायचे असते. त्या वेळी दाब दहा व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी जुनी झाली आहे किंवा तिच्या जोडण्या सैल अथवा गंजलेल्या आहेत. अशा कोसळण्याने ईसीयू क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते, चावीशी चाललेली तिची देवाणघेवाण मध्येच तुटते, आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकू लागतो. मालकाला दिसतो तो दिवा, आणि दोष मात्र बॅटरीचा असतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंतच्या जोडणीतही, म्हणजे ज्याला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात त्या मार्गात, असाच तोटा होतो; सेल्फ फिरत असताना त्या दोन बिंदूंमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर ती वायर काढून तिची टोके चकचकीत होईपर्यंत घासणे आवश्यक ठरते. तात्पुरती मदत म्हणून मोटारीची १२ व्होल्टची बॅटरी जोडायला हरकत नाही, मात्र त्या मोटारीचे इंजिन बंद ठेवावे.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर तिचेही कारण शोधावे लागते. गाडी बंद असताना घड्याळ, ईसीयूची स्मृती आणि लुकलुकणारा छोटा दिवा मिळून काही मिलिअँपिअर प्रवाह घेतात; मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण बाहेरून बसवलेला एखादा अलार्म वीस मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास खर्च होतो, आणि दहा अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत निम्मी होते. हिवाळाभर उभी राहणाऱ्या युरोपातील गाड्यांचे वसंतातील दुखणे पुष्कळदा एवढ्या साध्या हिशेबात सापडते.

बॅटरी निर्दोष ठरल्यावर मीटरवरील इमोबिलायझरच्या दिव्याकडे वळावे. होंडाच्या पद्धतीत चावी फिरवताच हा दिवा लागतो आणि चावी ओळखली गेल्यास सुमारे दोन सेकंदांत विझतो. तो विझला, तर इमोबिलायझरने आपले काम पूर्ण केले आहे आणि इंजिन न लागण्याचे कारण दुसरीकडे आहे. तो जळतच राहिला, तर चावीची ओळख पटलेली नाही. तो लागलाच नाही, तर यंत्रणेपर्यंत वीज पोचत नसावी. तेव्हा फ्यूज, मीटरची जोडणी आणि अर्थ यांची तपासणी आधी करावी. या एका दिव्याचे वाचन नीट केले तर निम्मी धावपळ वाचते. त्याच्या जोडीला आणखी एक खूण आहे. हिसने अडवलेली गाडी सामान्यतः सेल्फ घेते, इंजिन फिरते, पण ठिणगी पडत नाही. त्यामुळे सेल्फचे बटण दाबल्यावर काहीच हालचाल होत नसेल, तर त्या गाडीत इमोबिलायझरचा संशय जवळजवळ सोडून देता येतो. प्लग काढून, त्याचा धातू इंजिनाला टेकवून आणि आसपास पेट्रोलची वाफ नसल्याची खात्री करून सेल्फ मारला असता ठिणगी दिसली, तरीही तोच निष्कर्ष निघतो.

अशा वेळी खरे कारण बहुधा सुरक्षेसाठी लावलेल्या इतर साध्या स्विचांमध्ये असते. उजव्या मुठीजवळचा इंजिन बंद करणारा किल स्विच, स्टँड खाली असताना गिअर टाकल्यास इंजिन बंद करणारा साइड स्टँडचा स्विच, क्लच लिव्हरखालचा नाजूक स्विच, आणि गाडी आडवी पडल्यास ठिणगी तोडणारा कलमापक यांपैकी कोणीही इंजिन रोखू शकतो. साइड स्टँडचा स्विच रस्त्यावरील चिखल आणि मीठ यांच्या थेट माऱ्यात असतो, म्हणून त्याचा क्रम वरचा. गाडी नुकतीच पडली असेल तर ती उभी करून चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवावी लागते, एरवी कलमापक आपला अडसर काढत नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक गाड्या टोइंग करून गॅरेजमध्ये गेल्या असतील. इंधनाचा विचारही याच टप्प्यावर करावा. दोन-तीन वर्षे टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी डिंकासारखा थर धरते, आणि इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद ऐकू येणारी पंपाची गुणगुण बंद झालेली असते.

दिवा जळतच राहत असेल, तर प्रथम चावीकडे पाहावे. दोन ट्रान्सपॉन्डर चाव्या एकाच रिंगमध्ये असतील तर दोघींचे उत्तर एकाच वेळी जाऊन गोंधळ होतो, आणि म्हणूनच होंडाची पुस्तिका दुसरी चिपयुक्त चावी स्विचपासून दूर ठेवण्यास सांगते. ती दूर करूनही फरक पडला नाही, तर घरात ठेवलेली दुसरी मूळ चावी लावून पाहावी. दुसऱ्या चावीने दिवा विझला, तर पहिल्या चावीतील चिप फुटली आहे किंवा डोक्याचे प्लॅस्टिक तडकून ती गळून पडली आहे. काचेच्या इवल्याशा नळीत बसवलेली चिप फरशीवर आपटलेल्या चावीत निकामी होऊ शकते. दोन्ही चाव्यांनी दिवा विझत नसेल, तर संशय अँटेनाच्या कड्यावर आणि त्याच्या वायरींवर जातो. या वायरी मोटरसायकलच्या सर्वांत अवघड जागेतून जातात, कारण हँडल वळले की त्या वाकतात, आणि वीस वर्षांत असे वाकणे लाखो वेळा घडलेले असते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते, आत तांबे तुटलेले असते. त्याची परीक्षा सोपी आहे. हँडल पूर्ण डावीकडे, मध्यावर आणि पूर्ण उजवीकडे नेऊन प्रत्येक ठिकाणी चावी बंद करून पुन्हा फिरवावी आणि दिवा पाहावा. एका बाजूला ओळख पटते आणि दुसऱ्या बाजूला पटत नाही असे आढळले, तर इमोबिलायझर, चावी आणि ईसीयू तिन्ही निर्दोष आहेत आणि दुरुस्ती हातभर वायरीची आहे. तसे न आढळल्यास टाकी किंवा पुढील आवरण काढून कड्याचा कपलर उघडावा, हिरवट गंज चढला असल्यास विद्युत जोडण्यांसाठीच्या द्रावणाने तो साफ करावा, आणि कड्यापर्यंत वीज व अर्थ पोचतात की नाही, हे मल्टिमीटरने मोजावे. कोणताही कपलर चावी बंद असल्याशिवाय काढू नये. कडेच निकामी असेल तर होंडाच्या पद्धतीत ते स्वतंत्रपणे बदलता येते, कारण ओळखीची नोंद कड्यात नसते, ती ईसीयूमध्ये असते. बीएमडब्ल्यूच्या २००४ नंतरच्या काही मॉडेलांत चावीभोवतीच्या अशाच कड्याचा बिघाड मालकवर्गात चांगलाच परिचित आहे. मीटरच्या पडद्यावर ‘ईडब्ल्यूएस’ ही अक्षरे उमटतात आणि गाडी घरापासून दूर अडकते, तरी उपाय मात्र नवे कडे बसवण्याएवढाच असतो.

सर्व चाव्या हरवणे किंवा ईसीयू जळणे, हे प्रसंग मात्र वेगळ्या जातीचे आहेत. होंडाच्या ईसीयूत चार चाव्यांची नोंद होऊ शकते आणि नवी चावी नोंदवताना एक तरी जुनी, ओळखीची चावी हजर असावी लागते. एकही उरली नसेल तर कंपनीच्या पुस्तिकेनुसार ईसीयूच बदलावे लागते. यामाहाने काळ्या चाव्यांबरोबर एक लाल चावी दिली, जी केवळ नव्या चाव्यांची नोंद करण्यासाठी आहे, आणि ती हरवल्यास नवी चावी नोंदवण्यासाठी इमोबिलायझरचा सगळा संच बदलण्यावाचून कंपनी पर्याय ठेवत नाही. डुकाटीनेही लाल चावी दिली, पण तिच्याबरोबर पाच अंकी संकेत छापलेले एक कार्डही दिले. अनेक मॉडेलांत चावी ओळखली जात नसेल तर थ्रॉटलची मूठ पूर्ण पिळून धरायची, मीटरवरील दिवा लुकलुकू लागला की लुकलुकी मोजायची आणि एकेक अंक मूठ पिळून कळवायचा, अशा रीतीने मालक स्वतःच इंजिन मोकळे करू शकतो. या तिन्हींत डुकाटीचा मार्ग मालकाचा सर्वाधिक मान राखणारा आहे. त्यात सुरक्षा कमी होत नाही, कारण कार्ड घरात असते आणि चोर रस्त्यावर. मात्र वस्तू विकल्यानंतर तिच्या कुलपाचा अंतिम अधिकार विकत घेणाऱ्याकडे जातो, हे त्या कार्डाने मान्य केलेले असते. जुनी गाडी घेताना लाल चावी आणि कार्ड मागून घेणे हे कागदपत्रे मागून घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

ईसीयू बदलायचे ठरल्यास नवे मिळेलच याची खात्री या वयाच्या गाड्यांबाबत देता येत नाही, आणि मिळाल्यास त्याची किंमत गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. म्हणून मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतून ईसीयू, अँटेनाचे कडे, स्विच आणि चावी असा एकमेकांना ओळखणारा संपूर्ण संच घेणे हा जाणकारांचा मार्ग आहे. नुसते ईसीयू आणले तर त्याला या गाडीची चावी परकीच असते. ईसीयूच्या स्मृतीतील नोंद वाचून नवी चावी तयार करणारे किंवा ओळखीची अटच काढून टाकणारे तंत्रज्ञही आहेत. त्यांच्याकडे जाताना मालकीचा पुरावा दाखवावा लागावा, हे रास्तच आहे. अट काढून टाकलेली गाडी अधिक सहज चोरीला जाऊ शकते, आणि विमा इमोबिलायझर गृहीत धरून उतरवला असेल तर हा बदल विमा कंपनीला कळवणे भाग असते.

याच्या उलट बाजूस, गुप्तता हीच सुरक्षा असा दावा करून दुरुस्तीची माहिती अडवून ठेवणे समर्थनीय नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ज्या ४० बिटांच्या ट्रान्सपॉन्डरवर लाखो मोटारींची भिस्त होती, त्याचे गुपित जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी २००५ सालीच उलगडले. साधनसंपन्न चोराला त्या कुलपाने कायमचे रोखले नाही. प्रामाणिक मालकाला आणि गल्लीतल्या कारागिराला मात्र ते आजही रोखते, आणि चालू स्थितीतील इंजिन एका चिपच्या अभावी भंगारात जाते, हे उघड अन्यायाचे आहे. अमेरिकेत २०१५ साली स्वामित्व हक्काच्या कायद्याला दिलेल्या अपवादाने वाहनाच्या सॉफ्टवेअरचे कुलूप दुरुस्तीसाठी ओलांडण्याची मुभा मिळाली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा आखण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत वाहनक्षेत्राचा समावेश केला. हा प्रश्न आता केवळ आयात केलेल्या महागड्या गाड्या बाळगणाऱ्यांचा नाही; २०२३च्या जानेवारीत होंडाने अ‍ॅक्टिव्हाची स्मार्ट चावीची आवृत्ती आणली तेव्हा इमोबिलायझर नाशिक-कोल्हापूरच्या घराघरांतल्या स्कूटरपर्यंत येऊन पोचला, आणि त्या स्कूटरी वीस वर्षांच्या होतील तेव्हा त्यांच्या चाव्यांचे काय, हे आजच विचारले पाहिजे.

कंपनीच्या इमोबिलायझरपेक्षाही अधिक डोकेदुखी दुकानात बसवून घेतलेल्या अलार्मची असते. ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांनी १९६९ साली स्थापन केलेल्या थॅचम येथील संशोधन केंद्राने मान्यता दिलेला अलार्म असल्यास हप्त्यात सवलत मिळे, त्यामुळे तिथल्या गाड्यांवर असे संच मोठ्या संख्येने बसले. हे संच गाडीच्या मूळ वायरी कापून त्यांच्या मध्ये रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, घालतात; आणि चोराला कोणती वायर कशाची हे कळू नये म्हणून त्यांच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. चोरासाठी केलेली ही युक्ती वीस वर्षांनी कारागिरावर उलटते. रिलेचे स्पर्शबिंदू जळालेले असतात, घाईत पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडण्या आतून काळवंडलेल्या असतात, भोंग्यातील राखीव बॅटरी गळून तिचे रसायन सर्किटवर पसरलेले असते, आणि रिमोट कधीच हरवलेला असतो. अशा वेळी अलार्म दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. तो संपूर्ण काढावा. गाडीच्या मूळ वायरिंगचा नकाशा समोर ठेवून प्रत्येक काळी वायर जिथे मूळ रंगीत वायरीला भेटते तिथपर्यंत जावे, कापलेल्या रंगीत वायरीची दोन्ही टोके ओळखून ती एकमेकांना डाख देऊन जोडावीत, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, आणि एक जोड पूर्ण झाल्यावरच दुसरा उघडावा. सगळ्या काळ्या वायरी एकदम छाटण्याचा मोह झाला, तर कोणते टोक कोणाचे हे शोधण्यात दिवस जातो. हे काम संयमाचे आहे, पण त्यासाठी कंपनीचा संकेत लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

इंजिन लागल्यावर मल्टिमीटर लगेच पेटीत ठेवू नये. इंजिन मिनिटाला सुमारे पाच हजार फेऱ्यांवर धरून बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसत असतील, तर चार्जिंग व्यवस्थित आहे. कमी दिसत असतील तर आजची चालू गाडी आठवड्याने पुन्हा त्याच जागी उभी राहील. त्यानंतरचे काम दुसऱ्या चावीचे. एक ओळखीची चावी हातात असताना दुसरी नोंदवून घेणे हा सामान्य खर्चाचा आणि थोड्या वेळाचा विषय आहे, आणि ती एकमेव चावी हरवल्यानंतर तोच विषय ईसीयूच्या किमतीपर्यंत जातो. होंडाच्या पद्धतीत ही नोंदणी सुरू होताच स्विचमध्ये असलेली चावी सोडून बाकी सर्व चाव्यांची जुनी नोंद पुसली जाते, ज्यामुळे हरवलेली किंवा चोरीला गेलेली चावीही आपोआप निरुपयोगी ठरते. म्हणून वर्कशॉपला जाताना घरातल्या सर्व चाव्या बरोबर न्याव्यात, कारण ड्रॉवरमध्ये राहून गेलेली चावी संध्याकाळी गाडीला अनोळखी झालेली असेल.